नील हरवला ती दुपार

दुपारचे तीन वाजले की मला पाणी दिसतं. समुद्राचं नव्हे, खाडीचंही नव्हे. निळ्या फरशीच्या तळ्यातलं, लाटांचं यंत्र बंद केल्यावर एकाएकी सपाट झालेलं पाणी. काल मोरीत बादली भरायला लावली होती. नळ बंद केला, पाणी स्थिर झालं, आणि मी उंबऱ्यावर तशीच उभी राहिले. तुम्ही असतात तर पडवीतून विचारलं असतंत, "बाई, मोरीत वर्ग भरवलाय का?" आवाज आला नाही. आला नाही हे कळायलाही थोडा वेळ लागला, कारण तुम्ही गेल्यापासून तुमचा आवाज या घरात येतोच आहे.

तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं झाली, समाजाच्या कामात किती पुढे असायचात, हे सगळं विहारात वाचून दाखवलं गेलं. मीच लिहून दिलं होतं, शुद्धलेखन तपासून. त्यात एक गोष्ट नव्हती. ती इथे लिहिते आहे. पत्र तुम्हाला आहे, पण वाचणार आहेत तुमची टोरांटोची तीन नातवंडं: मैत्री, तनय आणि नील. म्हणून तुम्हाला माहीत असलेलंही पुन्हा सांगावं लागेल. तुम्हाला माहीत असलेलंच सांगायला मला सात वर्षं लागली.

मुलांना आधी तुम्ही कोण होतात ते सांगते. तुम्ही म्हसळ्याच्या स्टँडवर कंट्रोलर होतात. काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठे लागते आहे, कुठली उशिरा आहे, कुठली सुटायच्या बेतात आहे, हे भोंग्यावरून सांगणारा माणूस. तुमचा आवाज अर्ध्या गावाला ऐकू यायचा. लग्न करून मी मुंबईहून इथे आले तेव्हा पहिले काही महिने मला तुमच्या चेहऱ्यापेक्षा आवाजच जास्त ओळखीचा वाटायचा. मी नन्सच्या शाळेत इंग्रजीतून शिकलेली, वह्यांना समास पाडणारी, चादरींच्या कोपऱ्यावर क्रमांक शिवणारी. इथल्या हायस्कूलात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. गाव मला बाई म्हणायचं, म्हणून तुम्हीही घरात बाईच म्हणायला लागलात, वर अहो-जाहो करायचात. सुमन अशी हाक आणि 'तू' ऐकू आलं की समजायचं, काहीतरी गंभीर आहे.

मोजणं हा माझा स्वभाव. शाळेची सहल जंजिऱ्याला जायची तेव्हा शिडाच्या होडीत चढताना, उतरताना, किल्ल्याच्या दरवाजात, टाक्यापाशी, प्रत्येक ठिकाणी मी मुलं मोजायची. प्रत्येकाच्या दंडाला एकाच रंगाची फीत बांधलेली असायची. फिती मोजल्या की झालं. बाईंच्या सहलीत एकतीस वर्षांत एक मूल हरवलं नाही, हे वाक्य गावात माझ्या नावाआधी पोचायचं. सगळ्यांत जास्त वेळा ते तुम्हीच सांगायचात. पाहुणे आले की नवीन कपाट दाखवावं तसं.

सात वर्षांपूर्वीच्या त्या मे महिन्यात आपल्या मुलाने, मिलिंदने, पहिल्यांदाच मुलांना महिनाभर आपल्याकडे ठेवलं. स्वतः सोडून गेला, न्यायला शीतल येणार होती. मैत्री नऊ वर्षांची, तनय सात, नील पाच. शीतल फोनवर म्हणाली होती, "आई, तुम्ही आहात म्हणून पाठवतेय. बाबा काय, मुलांत मूल होतात." सगळ्यांत मोठ्याने तुम्ही हसलात. ते वाक्य मी मात्र मनात जपून ठेवलं. सूनबाईकडून मिळालेलं प्रशस्तिपत्रकच होतं ते.

आणि तुम्ही खरंच मुलांत मूल झालात. पडवीत खुर्च्या, पाट, उलटी टोपली यांच्या गाड्या लागायच्या. तुम्ही तांब्या तोंडाशी धरून सांगायचात, "म्हसळ्याहून माणगावमार्गे टोरांटोला जाणारी नील गाडी फलाट क्रमांक एकवर लागत आहे. प्रवाशांनी घाई करू नये." नील घरामागून तोंडाने भोंगा वाजवत, दोन्ही हातांनी हवेतलं चाक फिरवत यायचा आणि तुमच्या गुडघ्यांना टेकून थांबायचा. दुपारच्या झोपेची वेळ टळते म्हणून मी रागवायचे. तुम्ही म्हणायचात, गाडी लेट आहे, कंट्रोलर काय करणार.

अलिबागच्या बाजूला तेव्हा एक वॉटर पार्क नवीनच झालं होतं. मुलांनी फोनवर त्याची चित्रं पाहिली आणि तुमच्या मागे लागली. मी नको म्हणत होते. एवढं ऊन, एवढं लांब, एवढी गर्दी. तुमचं म्हणणं, मे महिन्यात मुलांना पाण्यात न्यायचं नाही तर काय अवांतर वाचन करायला लावायचं? चार दिवस आपण यावर वाद घातला. शेवटी मी अकरा अटी लिहून दिल्या आणि तुम्ही न वाचता सही केलीत. बेत तुमचा होता, हट्ट तुमचा होता. हे मी पुढे स्वतःशी कितीदा घोकलं, ते तुम्हाला कळलं असेलच.

अकरांतली पहिली अट टोप्यांची होती. माणगावहून तीन पोहायच्या टोप्या आणवल्या, भडक नारिंगी, लांबून दिसणाऱ्या. टोपी काढायची नाही, असं मी तिघांकडूनही वदवून घेतलं.

भाड्याची गाडी करून पहाटे निघालो. दिघीला गाडीसकट बोटीत चढलो तेव्हा तनयला गाडी बुडेल अशी भीती वाटली आणि आगरदांड्याला उतरेपर्यंत तुम्ही त्याला बोटीतल्या प्रत्येक गाडीचा नंबर वाचायला लावलात. मुरूड गेलं, काशीद गेलं. पार्कच्या दारात पिशव्या तपासत होते. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. मी केलेल्या घावण्यांचा डबा तपासणाऱ्या बाईने उघडला, वास घेतला आणि म्हणाली, "काकी, डबा न्हाय न्यायाचा आत." मग तिचं लक्ष तुमच्याकडे गेलं. ती मूळची दिघीकडची, कोळ्यांची. लहानपणी आईबरोबर सुक्या मासळीच्या पाट्या घेऊन म्हसळ्याच्या स्टँडवर उतरायची. "ह्ये तं कंट्रोलर काका हायत," ती शेजारणीला म्हणाली. "आमच्या आईसाठी गाडी थांबवून धरायचे." घावणे आत गेले नाहीत, पण आपण सगळ्यांनी तिथेच दाराबाहेर उभ्याने खाल्ले आणि तुम्ही दोन तिलाही दिलेत.

सकाळ चांगली गेली. तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मुलांबरोबर फिरलात. त्या झुलत्या होडीत, जिला जत्रेत कोलंबस म्हणतात, तुम्ही तनयला घेऊन बसलात आणि उतरल्यावर पाच मिनिटं खांबाला धरून उभे होतात. मैत्री तुम्हाला विचारत होती, आजोबा, तुम्हाला भीती वाटली का? तुम्ही म्हणालात, मला नाही, पोटाला वाटली. मी दर अर्ध्या तासाने मोजत होते. तीन. तीन. तीन. तुम्ही दर वेळी विचारायचात, "बाई, हजेरी झाली?" मुलं खिदळायची.

तीनच्या सुमारास आपण लाटांच्या तळ्यावर होतो. एका बाजूला लहान मुलांसाठी उथळ भाग होता. तुम्ही तासभर गुडघाभर पाण्यात उभे राहून तिघांवर नजर ठेवून होतात. मी पायऱ्यांवर सावलीत बसून शीतलला फोटो पाठवत होते. प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिहीत होते. तिकडे पहाट असेल, उठल्यावर बघेल, तिला बरं वाटेल. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. तुमचे पाय दुखायला लागले होते. तुम्ही पाण्यातून बाहेर आलात आणि विचारलंत, "जरा जाऊन येऊ का? येताना चहा आणतो. हजेरी?"

मी मान वर केली. पाण्यात नारिंगी टोप्या पाहिल्या. म्हटलं, "तीन. जा तुम्ही."

तुम्ही गेलात. मी त्या टोप्यांचाच एक फोटो काढला. खाली लिहिलं, 'तिघंही मजेत.' पाठवला.

दहा मिनिटांनी मी मुलांना हाक मारली. मैत्री आली, तनय आला, आणि नारिंगी टोपी घातलेला एक मुलगा जागेवरून हललाच नाही. मी पाण्यात उतरून जवळ गेले. तो नील नव्हता. कुणा दुसऱ्याचाच होता, नीलएवढा. त्याने मोठ्या खुशीत सांगितलं की त्याने टोपी घेतली आणि बदल्यात आपली बदकाची रबरी ट्यूब दिली. कधी? ते त्याला सांगता येईना. खूप वेळ झाला, म्हणाला.

मी टोप्या मोजल्या होत्या. मुलं मोजली नव्हती.

मी ओरडले असणार, कारण जीवरक्षकाने शिट्टी मारली, लोकांना बाहेर काढलं आणि यंत्र बंद केलं. लाटा बसल्या. दोनशे माणसं काठावर ओली उभी, आणि मधे ते पाणी. इतकं सपाट की तळाच्या फरशीचे सांधे दिसत होते. दोन तरुण सूर मारून तळ चाचपत होते. मैत्री माझा पदर धरून विचारत होती, आजी, नील कुठे आहे? मी त्या पाण्याकडे पाहत होते. तिकडे पाहताना माझ्या मनात सगळ्यांत आधी काय आलं ते लिहिते. नील आला नाही. शीतल आली. शीतलला काय सांगू, हे आलं.

तेवढ्यात तुम्ही आलात. दोन्ही हातांत कागदी पेले. माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबलात.

आणि मी म्हटलं, "नील तुमच्याबरोबर होता ना?"

तुम्हाला मी 'तीन' सांगून पाठवलं होतं. तुम्हाला ते आठवत होतं. मला ते तुमच्या डोळ्यांत दिसलं, एक क्षणभर, फार तर एक श्वास. मग तुम्ही मैत्रीकडे पाहिलंत. ती ऐकत होती. तुम्ही म्हणालात, "हो. माझ्या मागे निघाला होता. मीच बघितलं नाही." आणि पेले पायरीवर ठेवून दिलेत, नीट, एकाशेजारी एक. "सुमन, तू या दोघांना घेऊन इथेच थांब."

पुढचं मुलांनी पाहिलेलं आहे, तरी त्यांना किती आठवत असेल कोण जाणे. पार्कची घोषणा करणारी मुलगी हिंदीत आणि इंग्रजीत नीलच्या कपड्यांचा रंग सांगत होती. दोनदा सांगून झालं. मग भोंग्यात खरखर झाली, आणि तुमचा आवाज आला. सहा वर्षं झाली होती तुम्हाला निवृत्त होऊन, पण आवाज तोच होता, सपाट, न घाबरलेला. "म्हसळ्याहून माणगावमार्गे टोरांटोला जाणारी नील गाडी फलाट क्रमांक एकवर लागत आहे. नील गाडीने तिकीट खिडकीशेजारच्या फलाट क्रमांक एकवर यावं." लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी हसलं. तुम्ही तेच पुन्हा सांगितलंत. पुन्हा. पुन्हा. मी पायऱ्यांवर बसून ऐकत होते आणि माझ्यासमोर ते पाणी होतं.

सातव्या की आठव्या घोषणेला नील आला. मुलांच्या झुकझुक गाडीची जी शेड होती, तिच्या मागून भोंगा वाजवत, कमरेला बदकाची ट्यूब अडकवून, हवेतलं चाक फिरवत. एका बंद डब्यात बसून तो गाडी सुटायची वाट बघत होता. तुम्ही घोषणेच्या खोलीतून बाहेर येऊन खाली बसलात, आणि तो तुमच्या गुडघ्यांना टेकून थांबला. "गाडी लेट आहे," तुम्ही त्याला म्हणालात. तोवर मी दोघांना घेऊन पायऱ्यांवरून तिथे पोचले होते. मी तिघांच्या डोक्यांना हात लावून मोजलं. एक, दोन, तीन. मग पुन्हा. गाडीत बसेपर्यंत मोजत राहिले आणि तुम्ही एकदाही मला हजेरी विचारली नाहीत.

संध्याकाळी मैत्रीने आईला फोनवर सांगितलं, "आज नील हरवला होता, आजोबांकडून." शीतलचा चेहरा पडद्यावर नुसता थांबला. मग मिलिंद आला. तुम्ही फोन घेऊन पडवीत गेलात. मी दाराआड उभी होते. तुम्ही म्हणालात, "हो रे, माझंच चुकलं. वय झालं आता." तुम्ही चौसष्टचे होतात. आदल्याच आठवड्यात विहिरीवरचा पंप एकट्याने उतरवला होता.

मग फोन माझ्याकडे आला. शीतल रडत म्हणाली, "आई, तुम्ही होतात म्हणून बरं." मी म्हटलं, "काळजी करू नकोस." नंतर तो टोप्यांचा फोटो मी मोठा करून पाहिला. तिसऱ्या टोपीखाली परक्या मुलाचा चेहरा स्पष्ट होता. तुम्ही निघालात त्या मिनिटाचा फोटो. तो मी माझ्या फोनमधून पुसला. शीतलने तो कधी नीट पाहिला नसावा.

वय झालं, हे तुम्ही एकदा म्हणालात आणि सगळ्यांनी ते धरून ठेवलं. मिलिंद फोनवर तुमच्याशी जरा मोठ्याने, सावकाश बोलायला लागला. पुढच्या दिवाळीत एकटा आला तेव्हा त्याने तुमची स्कूटर विकायला लावली. तुम्ही चावी दिलीत आणि बाजारात चालत जायला लागलात. पुढच्या मे महिन्यात शीतलला सुट्टी नव्हती. मग टाळेबंदीची वर्षं आली. नंतर एकदा सगळे आले, चार दिवस, आणि चारही दिवस दोघांपैकी एकाचा हात नीलच्या खांद्यावर होता. तुम्ही पडवीत खुर्च्या मांडल्यात. नील आता मोठा झाला होता, लाजला. शीतल म्हणाली, बाबा, त्याला थकवू नका. तुम्ही खुर्च्या उचलून जागेवर ठेवल्यात.

या सात वर्षांत मी तुम्हाला सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण काय सांगणार? सांगण्यासारखं तुम्हाला नवीन काही नव्हतंच. मला तुमच्याकडून ऐकायचं होतं. एखाद्या भांडणात, आमटीत मीठ जास्त झालं म्हणून, वर्तमानपत्राची घडी विस्कटली म्हणून, कशावरूनही तुमचा तोल जावा आणि तुम्ही म्हणावं, बाई, तीन कोण म्हणालं होतं? मी वाट पाहिली. वाट पाहता पाहता मला तुमचा राग यायला लागला. एवढं चांगलं वागायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला होता? मला विचारलं होतंत?

पौर्णिमेला आपण विहारात जायचो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज खाली जायचा. मला वाटायचं, एवढ्या आवाजांत कुणाला कळतंय. एका वैशाखी पौर्णिमेला परत येताना, भर उन्हात, रिक्षाची वाट बघत उभे होतो तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाई, चौथ्याला तुमचा घसा बसतो."

"धूळ आहे," मी म्हटलं.

"माझाही बसतो," तुम्ही म्हणालात. "हळद-दूध घेऊ दोघं."

इतकंच. त्या दिवसापासून चौथं शील तुम्ही मोठ्याने म्हणायला लागलात, स्टँडच्या आवाजात, शेजारच्या ओळी वळून बघायच्या इतक्या मोठ्याने. माझा आवाज त्याखाली झाकला जायचा. तुम्ही हे मुद्दाम करत होतात का, ते मी विचारलं नाही.

पनवेलच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही एकदा विचारलंत, यंदा मुलं येतील ना? मी म्हटलं, येणार आहेत, तिकिटं काढली आहेत. काढली नव्हती.

तुमच्या पुण्यानुमोदनाला विहार भरलं होतं. मी पांढरी साडी नेसून पुढे बसले होते, मिलिंद शेजारी. भन्तेजींनी पंचशील दिलं. चौथं आलं आणि मला माझा आवाज एकटा ऐकू आला. बारीक, बाजूला पडलेला. वरून झाकायला कुणी नव्हतं. मी मधेच थांबले. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं.

मग मिलिंद बोलायला उठला. चांगला बोलला. तुमच्या आवाजाबद्दल बोलला, तुम्ही त्याला गाड्यांच्या पाट्यांवरून वाचायला शिकवलंत ते सांगितलं. आणि शेवटी म्हणाला, "बाबांचं आयुष्यात एकदाच लक्ष चुकलं. माझा मुलगा हरवला होता. त्यांनी ते लगेच कबूल केलं. मी त्यांना माफ केलं होतं, पण सांगायचं राहून गेलं. आज सांगतो."

बायकांनी डोळे पुसले. डेपोतले एक जुने ड्रायव्हर माझ्याजवळ वाकून म्हणाले, "बाई, पोरगा गुणाचा हाय." मी मान हलवली. तुमचा फोटो समोर होता. तुमच्या मुलाने भरल्या विहारात तुम्हाला क्षमा केली, आणि मी मांडी घालून बसून ती तुमच्या पदरात पडू दिली.

निघायच्या आदल्या दिवशी मिलिंदने मला टोरांटोला चल म्हणून सांगितलं. कायमचं नको वाटलं तर सहा महिने. शीतलचं आणि त्याचं बोलणं झालं होतं. दोघांची नोकरी, मुलं शाळेतून आली की घरी कुणी नसतं. "तू असलीस की आम्हाला काळजी नाही," तो म्हणाला. "शीतल तर म्हणाली, आईंच्या हाती मुलं म्हणजे निश्चिंत." मुलं सहा महिने माझ्यासमोर असतील. सकाळी उठून मोजता येतील. मी हो म्हटलं. पासपोर्ट कुठल्या फाइलमध्ये आहे तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याची गाडी दाराशी आली, बॅगा चढल्या. तो पडवीत बूट घालायला बसला. मी उभी राहूनच सांगितलं. वर्गात धडा सांगावा तसं, क्रमाने. तीन कसं म्हटलं, मग तुम्हाला काय म्हटलं. मधे थांबले असते तर पुढचं राहिलं असतं.

दुसरा बूट त्याच्या हातातच राहिला. त्याने विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"त्यांच्या तोंडावरच बोलले मी, मिलिंद. ते हो म्हणाले."

ड्रायव्हर दोनदा फाटकापर्यंत येऊन गेला. मिलिंद अंगणाकडे बघत होता, जिथे तुमची स्कूटर उभी असायची. "आई," तो म्हणाला, "मी त्यांना चावी मागितली होती." उठताना तो म्हणाला, "मुलांना मी सांगणार नाही. तू सांग." निघताना तो माझ्या पाया पडला नाही. घरात परत जाऊन तुमच्या फोटोपुढे मात्र उभा राहिला. मी बाहेरच थांबले.

तर मुलांनो, सांगते. नील, तुला मी हरवलं. आजोबांनी शोधलं. मैत्री, तू आईला जे सांगितलंस ते माझ्याच तोंडून ऐकलेलं होतंस. तू खोटं बोलली नाहीस. तनय, तू परत येताना गाडीत आजोबांना विचारलं होतंस की तुम्ही रडताय का, आणि ते म्हणाले होते की क्लोरीनमुळे. ते रडत होते. तुमच्या आजोबांचं लक्ष कधीच चुकलं नव्हतं. तुम्हाला इतक्या वर्षांत इथे राहायला पाठवलं नाही, ते त्यांच्यामुळे नव्हतं.

मिलिंदचा पोचल्याचा फोन आला. दोन मिनिटं बोलला. तिकिटाचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. शीतल फोनवर आली नाही. यंदा मे महिना तसाच जाईल, पुढचाही जाईल कदाचित. पासपोर्ट मी फाइलमध्ये परत ठेवला आहे.

सात वर्षं दोष घेऊन तुम्ही ज्या जागी उभे होतात, तिथे आता मी उभी आहे. ही जागा कशी असेल याचा मी खूपदा विचार केला होता. एकच गोष्ट कधी लक्षात आली नव्हती. इथून गप्प राहणारी मी तुम्हाला तेव्हा रोज दिसत असणार.